पाठमोरे सर

सरांनी घराची डोअरबेल दुकानात परत नेऊन दिली होती. दुकानदाराने विचारलं, "सर, वाजत नाही का?" सर म्हणाले, "वाजते. पण दोन सुरांत वाजते आणि त्या दोघांची ओळखच नाही." दुकानदाराने दुसरी दिली, तीही परत आली. मग त्यांनी दाराला बेल लावलीच नाही. श्रीरामपुरात त्यांच्याकडे जायचं तर कडी वाजवावी लागे, आणि कडीच्या आवाजावरूनच आतून विचारणा होई, "कोण आहे? एवढ्या घाईत कशाला आलीस?"

सरांना जाऊन वर्ष होत आलं. अजूनही कुठे बेसूर हॉर्न वाजला की मला आधी तेच आठवतात.

शाळेत ते आम्हाला संगीत शिकवायचे. उंच, जरासे वाकलेले, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि गाणं ऐकताना पाठमोरे. हे मात्र खरंच विलक्षण होतं. मुलगा गायला उभा राहिला की सर फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. चर्चच्या कॉयरलाही तेच शिकवत; तिथे कोणी नवीन मुलगी गाणार असली की भिंतीकडे बघायचे. एकदा आमच्यातल्या एकाने धीर करून कारण विचारलं. "तुम्ही दिसता," सर म्हणाले, "दिसलात की सूट द्यावीशी वाटते."

सूट त्यांनी कोणालाच दिली नाही. पालकसभेत माझ्या आईला म्हणाले, "तुमच्या मुलीचा आवाज वाईट आहे. कान चांगला आहे. तिला गायला लावू नका, काहीतरी वाजवू द्या." आई घरी येईपर्यंत धुमसत होती. "लई फटकळ मास्तर हाय तुमचा. चार बायांसमोर पोरीचा आवाज वाईट म्हनतो!" लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेटवाल्याला थांबवून "पट्टी उतरली आहे" असं सांगणारा हा माणूस. गाव त्यांना टरकून असायचं आणि बोलवायचंही. त्यांनी "ठीक" म्हटलं तर लोक ते चारचौघांत सांगत.

पुढे मी फार्मसी करून इथेच एका मेडिकलमध्ये लागले, आणि शाळेतल्या दोघा मित्रांबरोबर रॉक बँड काढला. नाव ठेवलं चिपाड. उसाचा रस निघाल्यावर उरतं ते. मी बेस गिटार वाजवायचे. एकजण गिटार वाजवून गायचा, दुसरा ड्रम्स बडवायचा. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात एक रिकामं गोदाम मिळालं होतं, तिथे आमची संध्याकाळची तालीम चाले. नगर, राहुरी, संगमनेरच्या कॉलेजांत आमची चांगली हवा होती. जेवढा आवाज मोठा तेवढी पोरं खूश.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना तालमीला बोलावलं. ते आले, गोदामात पाऊल न टाकता रस्ता ओलांडून पलीकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तिथून, पाठ करून, त्यांनी आमची सगळी गाणी ऐकली. मग आत येऊन म्हणाले, "तुम्ही जोरात वाजवता, कारण हळू वाजवलंत तर ऐकू येईल."

ड्रमर चिडला. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी सर हार्मोनियम घेऊन आले आणि मग रोजच येऊ लागले. काही दिवसांनी कुठल्याशा मिरवणुकीतून एका हलगीवाल्याला घेऊन आले. तो बिचारा अँप्लिफायर बघून दारातच थांबला. "सर, ह्यांच्यात माझं काय काम हाय?" सर म्हणाले, "मलाही माहीत नाही. शेजारी बसून बघ. बोलणं सुरू झालं तर झालं." असा आमचा अल्बम झाला. गिटारचा खरखरीत आवाज, हलगी, चर्चमधली हार्मोनियम, एका गाण्यात लग्नाच्या बँडचं क्लॅरिनेट. नाव दिलं 'गळीत हंगाम'.

त्यातलं शेवटचं गाणं मावशींचं.

मावशी म्हणजे सरांच्या पत्नी. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि चर्चच्या कॉयरमध्ये पहिला आवाज त्यांचा. तरुणपणी सरांनी चर्चच्या सुगीच्या सणासाठी एक गाणं रचलं होतं, ते मावशींसाठीच. 'उजाडलं शिवार, दार उघड आता.' दरवर्षी त्या ते गायच्या आणि दरवर्षी सर काहीतरी चूक काढायचे. मावशी हसून म्हणायच्या, "अहो, पुढच्या सुगीला बरोबर म्हणेन." त्या घरात हे प्रेमाचं बोलणं होतं.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. "अहो" सुद्धा म्हणता येईना. काही हवं असलं की नुसतं "ते, ते" म्हणत आणि डाव्या हाताने हवेत काहीतरी शोधत. मी औषधं द्यायला जायचे तेव्हा माझं नाव घ्यायचा प्रयत्न करत आणि भलतंच काही निघालं की डोळे मिटून घेत.

एका दुपारी सर ते सुगीचं गाणं नुसतं वाजवत बसले होते, आणि पलंगावरून मावशींनी गाणं उचललं. सूर अगदी स्वच्छ. शब्द मात्र मोडलेले. 'उजालं शिवालं, दालं उललं आलं.' ज्यांना तोंडाने एक वाक्य जोडता येत नव्हतं त्या अख्खं कडवं गात होत्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं जातं पण गाणं राहतं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. गाताना आपले शब्द चुकतायत हे त्यांना कळत नाही. त्यांच्या कानाला ते बरोबरच वाटतात.

गाणं संपलं की मावशी सरांकडे बघायच्या. सर म्हणायचे, "छान."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली औषधाची पिशवी तशीच धरून उभी राहिले. सरांच्या तोंडून हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. मावशींचा चेहरा असा उजळला की मलाही तिथे दुसरं काही सुचलं नसतं.

त्यांचा आवाज अल्बममध्ये घ्यायचं सरांनीच ठरवलं. गोदामात खुर्ची आणली, पाय ठेवायला पाट आणला. मावशींनी ठेवणीतली साडी नेसली होती. गाऊन झाल्यावर गिटारवाल्याने हौसेने हेडफोन पुढे केला, "मावशी, ऐका ना तुमचा आवाज." सरांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "नको. ती दमली आहे." आम्हाला नवल वाटलं. आमच्या प्रत्येक चुकीचं रेकॉर्डिंग आम्हाला कान दुखेपर्यंत ऐकवणारे हे सर. पण त्या दिवशी आम्ही काही विचारलं नाही.

अल्बम बाहेर आला आणि आमचे जुने चाहते खवळले. "हे काय भजनी मंडळ काढलं?" "हलगी ऐकायची तर जत्रेला जाऊ." चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी सरांना गाठून विचारलं, देवाच्या गाण्यात हा धिंगाणा कशाला. पण नवीन लोकही आले. कुठल्या कुठल्या गावांतून, या सरमिसळीला नाकं न मुरडता ऐकणारे. सर रोज सकाळी चष्मा लावून एकेक अभिप्राय वाचायचे आणि एका बोटाने टाइप करून प्रत्येकाला उत्तर द्यायचे. कोणीतरी लिहिलं होतं, "बकवास. कानातून रक्त आलं." सरांचं उत्तर: "स. न. वि. वि. अभिप्राय मिळाला. रक्त नेमके कोणत्या गाण्याला आले ते कळवल्यास उपकार होतील. आपला नम्र." त्या पोराने खरंच कळवलं, आणि सरांनी ते गाणं पुन्हा ऐकून त्याला लिहिलं की ड्रम्सच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे.

दोन मोठी परीक्षणं आली. मुंबईच्या एकाने लिहिलं की या अल्बमला कुठे बसायचं तेच ठरवता येत नाही. हार्मोनियम आणि गिटार म्हणजे लग्नाच्या एकाच पंगतीत बसलेले, बोलणं बंद असलेले दोन भाऊ. हलगीवाल्यासकट आम्ही चारही जण दिवसभर तोंड पाडून बसलो. सरांनी ते दोनदा वाचलं. "याने ऐकलंय," म्हणाले. पुण्याच्या दुसऱ्या परीक्षणात नुसती स्तुती होती. शेवटच्या गाण्यातली अनामिक गायिका जाणीवपूर्वक भाषा मोडते, अर्थाच्या जुलमाला नकार देते, वगैरे. सरांनी मोबाईल उलटा ठेवला.

आणि मग ते डाळीचं सुरू झालं. कुठल्या तरी पोराला ते 'डाळ उतू आली' असं ऐकू आलं; त्याने गॅसवर उतू जाणाऱ्या वरणाचा व्हिडिओ केला आणि त्यावर मावशींचा आवाज टाकला. 'दालं उललं आलं.' बघता बघता ते सगळीकडे पसरलं. कुकरची शिट्टी, सांडलेली आमटी, लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून उपडी झालेली बादली, सगळ्यावर मावशी. "आजीला कुणी पाजली रे?" असं एकाने लिहिलं, त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. माझ्या मेडिकलमध्ये आलेल्या एका माणसाच्या फोनची रिंगटोनसुद्धा तीच. मी त्याच्या गोळ्या मोजताना दोनदा चुकले.

आम्ही सरांकडे गेलो. गिटारवाला म्हणाला, "सर, खरं काय ते लिहून टाकू. एकदा कळलं ना, की या आजारातून उठून गायल्यात, सगळे गप्प बसतील. माफी मागतील."

"म्हणजे काय करतील?"

"म्हणजे... मान देतील."

"दया करतील," सर म्हणाले. "मग गाणं कोण ऐकणार? आज निदान ते ऐकतात आणि हसतात. उद्या ऐकायच्या आधीच डोळे पुसतील. तिने आयुष्यभर माझ्याकडून कधी सूट मागितली नाही. लोकांकडून मी तिच्यासाठी मागू?"

"पण सर, ते हसतायत मावशींना," मी म्हटलं.

"तिच्या कानावर ते येत नाही ना? मग हसू दे."

आम्ही परत आलो. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं होतं की नाही, आजही सांगता येणार नाही. पण आजार त्यांच्या पत्नीचा, आवाज त्यांच्या पत्नीचा. आम्ही कोण बोलणार.

नगरला एका कॉलेजच्या मैदानावर आमचा कार्यक्रम ठरला. पोस्टर सरांच्या घरी टेबलावर पडलं होतं. मावशींनी ते पाहिलं, त्यावरच्या हार्मोनियमवर बोट ठेवलं आणि सरांची बाही ओढली. सर म्हणाले, गर्दी असते, आवाज मोठा असतो, तुला त्रास होईल. मावशींनी बाही सोडली नाही. दोन दिवस त्यांचं हेच चाललं. शेवटी सर कबूल झाले. त्या गोंधळात शब्द कोणाला कळतायत, असं त्यांना वाटलं असावं.

संध्याकाळी मैदान भरून गेलं होतं. मावशी स्टेजच्या बाजूला, पडद्याच्या आडोशाला खुर्चीवर. मी उभी होते तिथून त्यांचा चेहरा दिसत होता. समोर पोरं आणि पोरी, आणि कितीतरी जणांच्या हातात घरून आणलेल्या पळ्या. स्टीलच्या, वरण वाढायच्या पळ्या. दिव्यांत त्या लखलखत होत्या. एवढी माणसं आपली गाणी म्हणतायत हे बघून मावशी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून हसत होत्या.

शेवटचं गाणं आलं. सरांनी हार्मोनियमवर सुरुवात केली, रेकॉर्ड केलेला मावशींचा आवाज सुटला, आणि अख्ख्या मैदानाने तो उचलला. पळ्या हवेत हलवत, गळा काढून, 'दालं उललं आलं! दालं उललं आलं!' त्यात कुचेष्टा नव्हती हे मी शपथेवर सांगेन. विनोद म्हणून सुरू झालं होतं, पण त्या संध्याकाळी ती पोरं मनापासून गात होती. काहींनी डोळे मिटले होते. गिटारवाला तर रडकुंडीला आला होता आनंदाने.

मावशींचं हसू हळूहळू थांबलं. आधी त्यांनी मान तिरकी केली, लांबचं काही ऐकताना करतात तशी. मग पहिल्या रांगेतल्या पोरांच्या ओठांकडे बघू लागल्या. एकाकडे, मग दुसऱ्याकडे. त्यांचे स्वतःचे ओठ हलले आणि थबकले. मांडीवरचा हात थांबला. मग त्यांनी सरांकडे पाहिलं. सर हार्मोनियमवर होते, त्यांनीही मान वर केली आणि दोघांची नजर भेटली. मावशींनी पदराचं टोक घेतलं आणि तोंडावर धरलं. गाणं संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

 येताना गाडीत लोक आम्हाला फोन करून करून सांगत होते, काय कार्यक्रम झाला, काय कार्यक्रम झाला.

त्यानंतर मावशी गायल्या नाहीत. "ते, ते" म्हणणंही बंद केलं. हवं ते बोटाने दाखवायच्या. सर रोज दुपारी हार्मोनियमवर ते गाणं सुरू करत, त्यांच्या शब्दांच्या जागी येऊन थांबत, वाट बघत आणि मग एकटेच पुढे वाजवत. मी औषधं घेऊन गेले की दाराबाहेर उभी राहून ती मोकळी जागा ऐकायचे. मग कडी वाजवायचे. आतून आता काही विचारणा होत नसे.

एकदा ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि तिथेच थांबले. म्हणाले, "तिला वाटत होतं ती बरोबर म्हणते. सगळ्या गावाला मी खरं सांगितलं. लहान पोरांना सांगितलं, पाळकसाहेबांना सांगितलं. हिला मात्र छान म्हणत राहिलो. आणि खरं तिला कळलं ते मैदानभर लोकांसमोर."

"सर, तुम्ही त्यांच्या आनंदासाठीच—"

"हो. पण ती आता माझ्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. जेवण कसं झालंय असं तिने बोटाने विचारलं, मी चांगलं झालंय म्हणालो, तर ताट सरकवून ठेवते."

थंडीच्या दिवसांत मावशी गेल्या. चर्चच्या मागच्या कबरस्तानात, कॉयरने गायलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. गाण्याच्या वेळी सर कोणाकडेच न बघता मातीकडे बघत होते. अल्बमखाली अजून रोज नवे अभिप्राय येत होते, आणि त्यांना उत्तरं देणं त्यांनी सोडून दिलं होतं.

महिना-दीड महिना झाला असेल. मी सरांची बीपीची गोळी द्यायला गेले होते, तेव्हा दारात एक टेम्पो येऊन थांबला. घोडेगावहून आलेला एक मध्यम वयाचा माणूस उतरला आणि त्याने आपल्या वडिलांना हाताला धरून उतरवलं. म्हातारा धिप्पाड, पांढऱ्याशुभ्र मिशा, उजवा हात छातीशी दुमडलेला.

"सर, आमचे दादा म्हशींच्या बाजारात दलाली करायचे," मुलगा सांगू लागला. "सौदा ह्या टोकाला चालला तर त्या टोकाला आवाज जायचा. झटका आला तवापून तोंडातनं शबूद न्हाई. नुसते बसून ऱ्हायचे. आन् एक दिवस पोरीच्या मोबाईलवर ते डाळीचं गानं लागलं, तर दादा म्हनायाच लागले की वो! आता रोज म्हनत्यात. ती गानारी बाई कोन हाय, इचारत इचारत आलो. त्यांच्या पाया पडायचं हुतं."

"ती माझी पत्नी," सर म्हणाले. "ती गेली."

 मुलाने वडिलांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याने सरांकडे पाहिलं आणि डावा हात कपाळाला लावला.

सरांनी त्यांना आत नेलं. मी पाणी दिलं. मग सरांनी हार्मोनियम पुढे ओढली. मावशींच्या शब्दांची जागा आली, आणि म्हाताऱ्याने गायला सुरुवात केली. जाडाभरडा, बाजारात कमावलेला आवाज. शब्द मावशींचेही नव्हते; त्याचे स्वतःचेच मोडलेले, आणखी वेगळे. संपल्यावर त्याने अपेक्षेने सरांकडे पाहिलं. मुलगाही बघत होता. 

"शब्द चुकले," सर म्हणाले. "सूरही दोन ठिकाणी खाली गेला. परत म्हणू."

मुलाचा चेहरा पडला. "सर, आजारी मानूस हाय. नगा ना असं..."

पण म्हाताऱ्याने मुलाला हाताने मागे सारलं. त्याच्या मिशा थरथरत होत्या. रागाने की कशाने, मला कळेना. त्याने सरांच्या पेटीवर बोट आपटलं, वाजवा म्हणून. सरांनी वाजवलं. तो गायला, सरांनी मान हलवली, पुन्हा वाजवलं. 'दार' हा शब्द सर त्याच्यासमोर ओठ मोठे करून सावकाश म्हणायचे आणि तो घाम पुसत त्यांच्या तोंडाकडे बघायचा. काही जमलं नाही त्या दिवशी. एकही शब्द धड आला नाही. पण शेवटी तो म्हातारा खूप चिडला होता, आणि सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात पेटीवर चालूच होते.

"तिलाही असंच सांगायचं होतं," ते मध्येच मला म्हणाले. "ती रागावली असती. माझ्यावर रागवायचं सोडून ती गप्प बसून गेली."

ऊन उतरल्यावर ते दोघे निघाले. सर टेम्पोपर्यंत गेले. मुलाने वडिलांना वर चढवायला हात दिला, पण म्हातारा पायरीवर एक पाय ठेवून थांबला. वळून सरांना काहीतरी म्हणाला. लांबलचक, आवेशाने, एकही अक्षर न लागणारं असं काहीतरी.

मुलगा घाईने म्हणाला, "येतो म्हनत्यात, सर."

"तसं नाही म्हणाले," सर म्हणाले. ते म्हाताऱ्याजवळ गेले. "मला कळलं नाही, दादा. परत सांगा."

आणि म्हाताऱ्याने पायरीवरचा पाय खाली घेतला, आणि रस्त्यात उभं राहून त्याने ते पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.